बोटभर विरजण

ऐक गं विरजाई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. वाती वळता वळता ऐकलीत तरी चालेल, देवीची हरकत नाही.

आटपाट नगर होतं. नगर म्हणायचं आपलं, घरं मोजून सात. पण कहाणीत वाडी म्हणायची रीत नाही, म्हणून नगर. एका अंगाला नदी होती, दुसऱ्या अंगाला टेकडी होती. टेकडीवर आणखी चार घरं होती, तीही स्वतःला नगरच म्हणवत असतील. खालच्या सात घरांत एक कासार होता, एक शिंपी होता, एक सोनार, एक सुतार, एक तेली, एक गुरव आणि एक वैद्य. राजा नव्हता. राजावाचून काही अडत नव्हतं. एकमेकांना छळायला माणसं आपली आपण पुरी पडत होती.

वेशीवर विरजाईचं देऊळ होतं. देऊळ म्हणजे तीन दगड उभे नि एक आडवा. देव तेहतीस कोटी, त्यांत ही कुठं तरी शेवटच्या कोटीत. मोठ्या देवांना पुरण लागतं, हिला घोटभर ताक पुरे. मोठे देव कोपले तर राज्यं बुडतात, ही कधी कोपल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून हिला कुणी भीत नव्हतं. नमस्कार मात्र सगळ्या करायच्या, जाता जाता.

कासाराच्या बायकोचं नाव आवडाबाई. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूनं तिला देवळात नेलं, पुढ्यात बसवलं आणि म्हणाली, "मुली, वसा घे." आवडा म्हणाली, "वसा काय करावा?" सासू म्हणाली, "दारी मागती आली तर विरजण द्यावं. बोटभर द्यावं. आपल्या दुधाला लावायच्या आधी द्यावं. आणि जिवंत द्यावं." आवडा म्हणाली, "एवढंच?" सासू म्हणाली, "एवढंच. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस." मग आवडेनं वसा घेतला. सोपा वसा घ्यायला कुणालाच जड जात नाही.

मग वर्षं गेली, सासू गेली, आवडाबाईची पोर येसू मोठी झाली आणि लग्न होऊन नदीपलीकडे नांदायला गेली. आवडाबाईचं दही सात घरांत नावाजलेलं होतं. सुरीनं कापावं असं लागायचं. गाडगं उपडं केलं तरी खाली यायचं नाही. ती ते उपडं करून दाखवायचीही, कुणी न विचारता. कुणाचं दही आंबलं, कुणाचं तार धरू लागलं की वाटी घेऊन कासाराच्या दारी यायचं, हा नेम. आवडाबाई बोटभर द्यायची, वर दोन गोष्टी शिकवायची. देणं आणि शिकवणं, दोन्हींचं तिला सुख होतं. दुसऱ्याचं जरा जास्त.

शिंप्याच्या घरात सून आली. नाव धुरपदा, माहेर टेकडीवरचं. पहिल्याच वर्षी ती वाटी घेऊन आली. "काकू, विरजण देता?" आवडाबाईनं बोटभर दिलं, जिवंत दिलं. मग धुरपदा दर महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागली, वाकून घेऊ लागली, काकू-काकू करू लागली. सगळं छान होतं.

मग काय झालं, चैत्रातलं हळदीकुंकू झालं. शिंप्याच्या घरी झालं. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं, आणि धुरपदेनं सगळ्यांपुढं दहीपोहे ठेवले. सोनारीण म्हणाली, "अगं बाई, हे दही की खवा?" सुतारीण म्हणाली, "आवडावहिनींच्या तोडीचं आहे." तेलीण बोलायला कमी पडत नसे. ती म्हणाली, "तोडीचं कसलं, वरचढ आहे. खरं ते बोलावं." मग सगळ्यांनी आवडाबाईकडं पाहिलं. आवडाबाई हसली. म्हणाली, "विरजण माझंच आहे." धुरपदा भाबडी पोर. ती म्हणाली, "हो ना, विरजण काकूंचंच. हात फक्त माझा."

आवडाबाईनं ओटी घेतली, कुंकू लावून घेतलं, घरी आली. दारात नवरा धोंडशेट बसला होता. तो म्हणाला, "कसं झालं हळदीकुंकू?" ती म्हणाली, "झालं." तो म्हणाला, "दहीपोहे चांगले होते म्हणे. तेली सांगत होता." ती म्हणाली, "तुम्ही तेल आणायला गेला होतात की दही चाखायला?" धोंडशेट गप्प बसला. त्याला गप्प बसायची सवय होती, संसार त्यावरच चालला होता.

मग वैशाख आला, उन्हाळा पेटला. धुरपदेचं दही आंबलं. ती वाटी घेऊन आली. आवडाबाई आत गेली. पितळेची पातळ वाटी घेतली, तीत बोटभर विरजण घेतलं. चुलीपाशी आली. तिच्या मनात काय आलं ते तिलाही पुरतं कळलं नाही, पण हाताला कळलं. हातानं वाटी चिमट्यात धरली नि निखाऱ्यावर नेली. विरजाईचं नाव पाचदा घेईपर्यंत धरली. मग खाली घेतली, फुंकर घालून निववली, बाहेर आणून दिली. विरजण दिसायला तसंच होतं. मेलेलं विरजण दिसायला जिवंत विरजणासारखंच असतं, एवढाच त्याचा दोष.

आवडाबाई मनाशी म्हणाली, मी नाही म्हटलं नाही. बोटभर दिलं. आपल्या आधी दिलं. नेम मोडला नाही. आणि एवढ्याशा बोटभरानं कुणाचं काय बुडतंय?

धुरपदेचं दूध लागलं नाही, सकाळी नासलं. ती पुन्हा आली. आवडाबाई म्हणाली, "अगंबाई, दूध फार तापलं असेल तुझं." पुन्हा निखाऱ्यावर वाटी धरली, पुन्हा दिली. दूध पुन्हा नासलं. ती तिसऱ्यांदा आली, डोळे भरून आली. आवडाबाई म्हणाली, "हात फक्त तुझा ना गं? मग हातालाच विचार." आणि तिसऱ्यांदाही तसंच दिलं.

धुरपदेची सासू बयाबाई. ती आधीच सुनेच्या वाईटावर टपलेली होती, तिला निमित्त पुरेसं होतं. ती म्हणाली, "एकदा नासलं, म्हटलं ऊन आहे. दोनदा नासलं, म्हटलं दूध जुनं आहे. तीनदा नासलं, आता काय म्हणू? तुझा हातच नासका आहे." तिनं धुरपदेला दुधाला शिवू दिलं नाही. मग पिठाला शिवू दिलं नाही. मग पाण्याला शिवू दिलं नाही. शिंपी आईपुढं बोलला नाही, सुईत दोरा ओवत बसला. मग ज्येष्ठात एके दिवशी धुरपदा आपलं गाठोडं घेऊन टेकडी चढून माहेरी गेली. कासाराच्या दारावरून गेली. आवडाबाई ओट्यावर उभी होती. म्हणाली, "जातेस होय?" धुरपदा म्हणाली, "जाते, काकू." आवडाबाईच्या मनात आलं, हे जरा फार झालं. मग तिच्या मनात आलं, पण ते बयाबाईनं केलं.

टेकडीवर धुरपदेचे दोन भाऊ होते, चार म्हशी होत्या. भावांनी खाली निरोप धाडला. "आमच्या बहिणीचा हात नासका म्हणणारी जोवर इथं येऊन आपला शब्द मागं घेत नाही, तोवर टेकडीवरच्या चारही घरांतलं दूध नाही, दही नाही, ताकाचा थेंब नाही." खालच्या सात घरांनी निरोप ऐकला नि सोडून दिला. सात घरांत गाई होत्या. आणि विरजणाला आवडाबाई होती.

विरजणाला आवडाबाई होती खरी, पण तिच्या हाताला आता चव लागली होती. सोनारीण आली, तिलाही शेकून दिलं. मागं ती खवा म्हणाली होती. सोनारणीची म्हातारी सासू, तोंडात दात नाहीत, दहीभातावर जगायची. ती दोन महिने पाण्यात कालवलेला भात गिळत राहिली नि सुकत गेली. तेलीण आली, तिलाही शेकून दिलं. तेलीण नवऱ्यावर खेकसली, नवरा बैलावर खेकसला, बैलानं एके दिवशी लाथ मारून घाणा मोडला. कुणाला काही उमगलं नाही. ज्या त्या बाईनं आपल्या हाताकडं पाहिलं, रात्री हात उशीखाली दडवून निजली. आवडाबाईचं दही तेवढं लागत राहिलं. ती दर खेपेला म्हणायची, एवढ्याशा बोटभरानं कुणाचं काय बुडतंय?

मग एक दिवस एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, हातात नारळाची बेलटी. म्हणाली, "बाई गं, विरजण दे." आवडाबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. हिच्याशी वैर नव्हतं, हिनं कुणाच्या दह्याला खवा म्हटलं नव्हतं. आवडाबाई आत गेली, वाटी घेतली, आणि हात आपसूक चुलीकडं गेला. सवय अशी असते, ओळख विचारत नाही. म्हातारीनं त्या करवंटीत घेतलं, हुंगलं. म्हणाली, "दिलंस. बरं झालं. जे दिलंस ते तुझंच." आणि चालती झाली.

मग श्रावण आला. श्रावणात ग्रहण आलं. त्या नगराची एक रीत होती. ग्रहणात शिजलेलं-विरजलेलं सगळं टाकायचं, गाडगी पालथी घालायची. सात घरांतून एकाच घरी, पाळीपाळीनं, एक गाडगं राखायचं. त्यावर दर्भ ठेवायचा, म्हणजे त्याला ग्रहण लागत नाही. ग्रहण सुटलं की आंघोळी करून बाकीच्या घरांनी तिथून बोटभर विरजण न्यायचं, आणि त्यावर सात घरांचं दही पुन्हा सुरू व्हायचं. त्या वर्षी पाळी कासाराची होती.

आवडाबाईनं गाडगं ठेवलं, वर दर्भ ठेवला. मग तिच्या मनात आलं, आता सगळ्यांचं विरजण नवं होणार, सगळ्यांचं दही पुन्हा लागणार, मग माझ्याच दह्याचं काय राहिलं? मग तिनं एका बुडकुल्यात आपल्यापुरतं विरजण काढलं आणि लोणच्याच्या बरणीमागं दडवलं. त्यावर दर्भ ठेवायचं राहिलं. दडवायच्या घाईत दर्भ कुणाला आठवतो?

ग्रहण सुटलं. आवडाबाईनं आंघोळ केली, चूल पेटवली, गाडगं वैलावर सरकवलं. सहा घरच्या सहा जणी ओल्या केसांनी दारात उभ्या राहिल्या. "वहिनी, झालं का?" "होतंय, होतंय. घाई कसली?" गाडगं कढत झालं. मग तिनं ते निववलं आणि सहा जणींना सहा बोटं दिली. सहा जणींनी डोळ्यांना लावून घेतली.

ती दारात देत होती तेवढ्यात आत धोंडशेट घर शुद्ध करत होता. सोवळ्याचा माणूस, काही राहून जायला नको म्हणून त्यानं कोपरान् कोपरा पाहिला. बरणीमागं त्याला बुडकुलं सापडलं. वर दर्भ नाही. त्यानं ते उचललं नि परसात ओतलं, वर चार तांबे पाणी घातलं.

संध्याकाळी आवडाबाई दूध घेऊन बरणीपाशी गेली. बुडकुलं धुऊन पालथं ठेवलेलं होतं. ती म्हणाली, "अहो, यात विरजण होतं." तो म्हणाला, "होतं. त्यावर दर्भ नव्हता. दोष लागला असता." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो म्हणाला, "पण गाडग्यातलं आहे ना?" ती म्हणाली, "आहे." दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सात घरांतलं दूध नासलं. साती घरांत एकदम. बायका देवळात जमल्या. गुरवीण म्हणाली, "विरजाई कोपली." बयाबाई म्हणाली, "आमच्या अवदसेला मी वेळेवर घालवली, तरी तिची सावली राहिलीच बघा." आवडाबाई म्हणाली, "असेल बाई." मग सगळ्यांनी ठरवलं, नदीपल्याड जाऊन विरजण आणू. पण नदी फुगली होती, नाव बंद होती. मग सगळ्या म्हणाल्या, दह्यावाचून कुणी मरत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही होतं.

पण नाव बंद व्हायच्या आधी, त्याच सकाळी शेवटच्या फेरीनं, एक डोली उतरली होती. डोलीत येसू होती. सासरच्यांनी आणून घातली, नावाड्याला घाई होती म्हणून ते उभ्या उभ्या परत गेले. येसूला संग्रहणी झाली होती. महिनाभर पोटात काही ठरत नव्हतं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. आणि बाप कासार.

वैद्य आला. नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाला, "आवडावहिनी, हिला धान्य नाही, काढा नाही, मात्रा नाही. फक्त ताक. सकाळी ताक, दुपारी ताक, सांजेला ताक. आठ दिवसांत उठून बसेल. पोटाला दुसरं काही सोसायचं नाही." नासलेल्या दुधाचं त्याच्या कानावर अजून आलं नव्हतं. म्हणाला, "तुमच्या घरी काय, दह्याला तोटा नाही. पोर बरोबर जागी आली."

येसू म्हणाली, "आई, मला वाटेभर तुझंच ताक दिसत होतं."

मग आवडाबाईनं दुधात लिंबू पिळलं. दूध फाटलं. दुधात मिरचीचे देठ टाकले, त्याला वास आला. दुधात चिंच घातली, वैद्यानं पाहिली नि ओतून टाकली. म्हणाला, "हा दुधाचा नास आहे, ताक नव्हे. पोरीला मारता का?" मग तो म्हणाला, "टेकडीवर म्हशी आहेत. तिथं ताकाच्या घागरी असतात. आणा की."

पहिल्या दिवशी आवडाबाईनं नवऱ्याला धाडलं. धोंडशेट टेकडी चढून गेला, धापा टाकत उभा राहिला. धुरपदेचा थोरला भाऊ म्हणाला, "मामा, तुमच्याशी आमचं भांडण नाही. बसा, पाणी प्या. पण शब्द तो शब्द. आमच्या बहिणीचा हात नासका म्हणणारी येऊ दे." धोंडशेट रिकामी कळशी घेऊन उतरला.

आवडाबाई बयाबाईकडं गेली. म्हणाली, "बयावहिनी, माझ्या येसूच्या जिवावर आलंय. एकदा वर जा, एक शब्द मागं घ्या." बयाबाई म्हणाली, "आवडे, तुझी पोर ती माझी पोर. पण खोटं कसं बोलू? तीन वेळा दूध नासलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. तू सांग, तिचा हात नासका नव्हता तर दूध का नासलं? विरजण तर तुझं होतं." आवडाबाईच्या जिभेवर आलं होतं. ओठापर्यंत आलं. मग ती म्हणाली, "मला काय ठाऊक?" आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याच्या हाती नारळ दिला, खण दिला, नव्या बांगड्यांचा जोड दिला. तो पुन्हा टेकडी चढला. भाऊ म्हणाला, "मामा, नारळ पोहोचला. माणूस नाही पोहोचलं." धोंडशेट पुन्हा उतरला. त्या दिवशी येसू बोलली नाही, नुसती आईच्या हाताकडं बघत पडून राहिली.

धोंडशेट म्हणाला, "अगं, कुणाच्या तरी चुकीसाठी आपली पोर जातेय." आवडाबाई म्हणाली, "हो." तो म्हणाला, "कुणाची चूक तेच कळत नाही." ती म्हणाली, "नाही कळत."

तिसऱ्या दिवशी सकाळी येसूनं डोळे उघडले नाहीत तेव्हा आवडाबाई उठली. पायात वहाण घातली नाही, डोक्यावर पदर घेतला, टेकडी चढली. धुरपदा अंगणात रवी धुत होती. भाऊ दारात आले. आवडाबाई अंगणाबाहेर उभी राहिली.

धाकटा भाऊ म्हणाला, "मामी, तुम्ही कशाला? बयाबाई येऊ दे."

आवडाबाई म्हणाली, "बयाबाईची चूक नाही. धुरपदेचा हात नासका नव्हता. विरजण मेलेलं होतं. मी मारून दिलं होतं."

म्हशीनं शेपूट हलवली. मग धुरपदा म्हणाली, "कसं मारलंत?"

"निखाऱ्यावर धरलं."

"किती वेळ?"

"देवीचं नाव पाचदा घेईपर्यंत."

धुरपदा म्हणाली, "म्हणजे एवढंच."

"एवढंच."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. मग इतरांनाही. मग सगळ्यांनाच."

धुरपदेनं रवी पुसली, कोपऱ्यात उभी केली. थोरला भाऊ म्हणाला, "धुरपदे, द्यायचं नसेल तर नको देऊस." ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात ताकाची कळशी होती, दुसऱ्या हातात वाटी होती. वाटीत बोटभर विरजण होतं. ती म्हणाली, "मागतीला द्यावं, हा वसा आमच्याकडंही आहे." मग म्हणाली, "हे तुमचंच आहे, काकू. पहिल्या वर्षी तुम्ही दिलंत तेव्हा त्यात चिंधी भिजवून वाळवली आणि आईला धाडली होती. तेव्हापासून इथं तेच चालू आहे. टेकडीवर चार घरी आहे. टेकडीपल्याड लांबच्या दोन वाड्यांत गेलंय. फार चांगलं विरजण होतं तुमचं."

आवडाबाईनं कळशी घेतली, वाटी घेतली, खाली उतरली. उतरताना तिला थेंबही सांडू द्यायचा नव्हता, म्हणून ती हळू चालली. आणि पोर वाट बघत होती, म्हणून ती भरभर चालली. तशी ती वाटभर कधी हळू, कधी भरभर चालली आणि सांज व्हायला घरी पोचली.

वैद्य उशाशी होता. आवडाबाईनं येसूचं डोकं मांडीवर घेतलं, पळीनं ताक तोंडाला लावलं. पहिली पळी ओघळली. दुसरी पळी ओघळली. तिसरी पळी येसूनं गिळली. ओठ हलले. म्हणाली, "आई, तुझ्याच हातचं. ओळखलं." आवडाबाई म्हणाली, "हो गं." वैद्य दारात जाऊन उभा राहिला. धोंडशेट त्याच्या मागं गेला. म्हणाला, "उतार पडेल ना?" वैद्य म्हणाला, "धोंडशेट, दोन दिवस आधी मिळतं, तर मी हो म्हटलं असतं."

आवडाबाईनं दूध तापवलं, निववलं, वाटीतलं विरजण लावलं, झाकून ठेवलं. पहाटे येसू गेली. उजाडल्यावर बायका आल्या, कुणी चूल सारवली, कुणी गाडगं हलवलं. झाकण निघालं. दही लागलं होतं. सुरीनं कापावं असं.

मग बायका भोवती बसल्या. गुरवीण म्हणाली, "विरजाई कोपली गं, वहिनी. देवीच्या कोपापुढं कुणाचं काय चालतंय?" सगळ्यांनी माना हलवल्या. ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं, आवडाबाईच्याही. धोंडशेट भिंतीशी डोळे पुसत बसला होता. आवडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, गाडग्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "देवी नाही कोपली." आणि सगळं सांगितलं. कुणाला, कधी, किती वेळा. सोनारणीच्या सासूचं सांगितलं, तेलणीचं सांगितलं, सहा बोटांचं सांगितलं, बुडकुल्याचं सांगितलं.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. सोनारीण उठली. सुतारीण उठली. तेलीण उठली, तीही पहिल्यांदाच काही न बोलता. एकेक जण दाराबाहेर पडली. बयाबाई शेवटी उरली. ती म्हणाली, "मग आता मी सुनेला काय तोंड दाखवू?" आवडाबाई म्हणाली, "माझं काय विचारता?" दोन महिन्यांनी बयाबाईनं टेकडीवर निरोप धाडला, "ये म्हणावं आता, घरात काम पडलंय." माफी त्यात कुठं बसत नव्हती. धुरपदा आली. बाईमाणसाला घर लागतं, असं म्हणतात. येताना तिनं आपली वाटी बरोबर आणली.

तेव्हापासून सात घरांतल्या बाया विरजणाला शिंप्याच्या दारी जाऊ लागल्या. कासाराच्या दारी कुणी आलं नाही. आवडाबाईचं दही रोज लागायचं, उत्तम लागायचं, रोज उरायचं. वसा होता मागतीला द्यायचा. मागतीच राहिली नाही. धोंडशेटनंही ताक प्यायचं सोडलं. त्यानं कारण सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

मग पुढच्या श्रावणात एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, हातात नारळाची बेलटी. म्हणाली, "बाई गं, विरजण दे." आवडाबाईनं तिला ओळखलं. पायांवर पडली नाही, दारात तशीच उभी राहिली. म्हणाली, "आई, एवढ्याशा बोटभराला एवढी कोपलीस?"

म्हातारी म्हणाली, "मी कशाला कोपू? मी तर देवळात होते. नदी श्रावणात फुगते, ती फुगली. नवऱ्यानं दोष टाळला. भावांनी शब्द राखला. बयाबाईनं डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. जो तो नेमानं वागला. मला करायला काही उरलंच नव्हतं."

आवडाबाई म्हणाली, "मग उःशाप दे."

म्हातारी म्हणाली, "शाप दिला असता तर उःशाप असता. माझ्याकडं नाही. तू दिलेलं तेवढं आहे, चांगलंही आहे नि वाईटही आहे. चांगलं टेकडीवर आहे, पल्याडच्या वाड्यांत आहे. वाईट तुझ्या घरात आहे. दोन्ही बोटभरच होतं." मग तिनं बेलटी पुढं केली. "देतेस ना? मला वेळ नाही."

आवडाबाई आत गेली. चुलीत निखारे होते. ती चुलीच्या लांबून गेली, भिंतीला पाठ घासत गेली. बोटभर विरजण आणलं, जिवंत आणलं. म्हातारीनं हुंगलं, घेतलं, गेली. जाताना काही वर दिला नाही.

तेव्हापासून आवडाबाई रोज संध्याकाळी, आपल्या दुधाला लावायच्या आधी, एका वाटीत बोटभर विरजण ओट्यावर ठेवते. सकाळी ते तसंच असतं. मग ती ते खरवडून टाकते नि वाटी धुते. असं एक वर्ष गेलं, दुसरं वर्ष गेलं. तिसऱ्या वर्षी एके सकाळी वाटी रिकामी होती. धोंडशेट म्हणाला, "मांजर असेल." ती म्हणाली, "असेल." संध्याकाळी तिनं पुन्हा ठेवलं.

विरजाईनं जसं तिच्या पदरात टाकलं तसं तुमच्याआमच्या पदरात न टाको. तुमच्या दारी मागती येवो, तुमच्या वाटीतलं जिवंत असो, आणि चूल तुमच्या हातापासून चार पावलं लांब असो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचांतच आटोपली. सुफळ म्हणायला जीभ वळत नाही, पण संपूर्ण झाली.